राखण आणि राखीव

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण या गावावर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही बातमी जगाला कळली. दीडशेच्या वर माणसे चिखलाखाली गेली. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै आणि चूरलमला ही दोन गावे दरड वाहून आल्याने उद्ध्वस्त झाली. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांना जवळच्या पुथुमला येथे सर्वधर्मीय प्रार्थनेने मूठमाती देण्यात आली. हे पुथुमलाही २०१९ च्या ऑगस्टमध्ये दरडीखाली गेलेले गाव आहे.

दोन्ही ठिकाणे एकाच पर्वतरांगेतील आहेत. आपण तिला सह्याद्री म्हणतो, सरकारी कागदांत ती पश्चिम घाट आहे. वायनाडच्या दुर्घटनेनंतर हवामानशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासणी करून असे सांगितले की, मनुष्यकृत तापमानवाढीमुळे त्या दिवशीचा पाऊस सुमारे १० टक्क्यांनी अधिक झाला. म्हणजे हा प्रश्न एका डोंगराचा किंवा एका राज्याचा राहिलेला नाही.

दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, केंद्र शासनाने पश्चिम घाटातील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील’ म्हणून घोषित करण्याच्या अधिसूचनेचा मसुदा काढला. हा मसुदा पहिला नव्हता. २०१४, २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ या वर्षीही असेच मसुदे निघाले होते आणि मुदत संपून निष्प्रभ झाले होते. दहा वर्षांत सहा मसुदे निघाले, पण अंतिम अधिसूचना एकही नाही. असे का व्हावे? आणि या दिरंगाईत आपल्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, हातून काय घडले? हा दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि म्हणूनच तो आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

कायद्याची वाट

भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर दोन वर्षांनी संसदेने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत केला. त्या कायद्याने केंद्राला अमुक प्रदेशात अमुक उद्योग नको असे ठरविण्याचा अधिकार मिळाला. डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) येथे तो वापरलाही गेला. परंतु आपल्या राज्यघटनेत जमीन हा राज्यांचा विषय आहे, तर वने १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून केंद्र व राज्य यांच्या सामायिक सूचीत आहेत. डोंगरावर वन कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हे ठरविणे जसे कठीण, तसेच तेथे कोणाचा शब्द अखेरचा हे ठरविणेही कठीण. पश्चिम घाट तर गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत सहा राज्यांत पसरलेला आहे.

२०१० साली केंद्राने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला, पण तो लोकांच्या हाती २०१२ साली, तोही माहितीच्या अधिकाराची लढाई झाल्यावर पडला. समितीने जवळजवळ सगळा घाट संवेदनशील मानून त्याचे तीन विभाग सुचविले होते, आणि नेमके काय करावे याचा विचार ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. वायनाडमधील वैत्तिरी तालुका, म्हणजे जेथे पुढे चूरलमला वाहून गेले तो प्रदेश, समितीने सर्वाधिक संवेदनशील विभागात धरला होता. राज्यांचा विरोध झाल्यावर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्रापुरतेच निर्बंध सुचविले. खाणी, दगड व वाळूचा उपसा, औष्णिक वीजकेंद्रे, अतिप्रदूषक कारखाने आणि मोठी बांधकामे यांना मनाई, एवढाच त्याचा गाभा होता. शेती करू नये, घर बांधू नये असे त्यात नव्हते. तरीही तेवढेदेखील अनेक राज्यांना पूर्णपणे मानवले नाही. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये हा अहवाल फेटाळला.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. माळढोक पक्ष्याविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या निकालात असे म्हटले की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकांच्या जीवनाच्या व समानतेच्या मूलभूत हक्कांचाच भाग आहे. त्याच निकालात न्यायालयाने हेही दाखवून दिले की, हवामानबदलासंबंधी एकछत्री असा कायदा देशात नाही. हक्क मान्य झाला, परंतु तो राखायचा कसा हे सांगणारा कायदा मात्र झालेला नाही.

नाबोथ कोण?

आता केरळकडे वळू. नोव्हेंबर २०१३ मध्ये केंद्राने संवेदनशील क्षेत्रात नव्या खाणींना मनाई करणारे निर्देश काढले आणि केरळचा डोंगराळ भाग पेटला. तामरश्शेरी येथे वनखात्याचे कार्यालय जाळण्यात आले. कागदपत्रे भस्मसात झाली. इडुक्कीच्या डोंगरांत शेतकऱ्यांची जी संरक्षण समिती उभी राहिली, तिच्या पाठीशी तेथील ख्रिस्तसभा उघडपणे उभी होती. धर्मगुरू मोर्चात चालले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत याच प्रश्नावर समितीचा उमेदवार इडुक्कीतून निवडून आला. आपल्या देशात ख्रिस्ती समाजाने एखाद्या पर्यावरणविषयक धोरणावर इतका परिणामकारक प्रभाव पाडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तो प्रभाव निर्बंधांच्या बाजूने नव्हता, विरुद्ध होता.

त्या शेतकऱ्यांना घाईने दोषी ठरवू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाई होती, तेव्हा सरकारनेच ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून माणसांना डोंगरावर जाण्यास उत्तेजन दिले. त्रावणकोरातील गरीब सिरियन ख्रिस्ती कुटुंबे वायनाड-इडुक्कीत गेली. मलेरियाने आणि रानटी जनावरांनी त्यांची माणसे नेली. पुढे त्याच सरकारने जमिनीच्या पट्ट्यांसाठी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तिष्ठत ठेवले. अशा माणसाच्या दारात एके दिवशी इंग्रजी भाषेतील जाडजूड अहवालाची अफवा येते. होय, अहवाल येत नाही, त्याची अफवा येते. जमीन जाणार, घर जाणार, गाय पाळता येणार नाही. गाडगीळ अहवालात रासायनिक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद करण्यासारख्या शिफारशी होत्या, त्यामुळे ती भीती अगदीच निराधार नव्हती. शेतकऱ्यांना भडकावण्यामागे दगडखाणींच्या मालकांचा हात होता, असा आरोप तेव्हाही झाला व नंतरही होत राहिला. पण खाणमालकाला शेतकऱ्याच्या आड लपता आले, कारण शेतकरी खरोखरच घाबरलेला होता.

त्या दिवसांत केरळच्या धर्मगुरूंच्या डोळ्यांसमोर नाबोथ उभा राहिला असेल, तर नवल नाही (१ राजे २१). एकीकडे अहाब, राजसत्ता. दुसरीकडे वाडवडिलांचा मळा न सोडणारा साधा माणूस. धर्मगुरूने कोणाच्या बाजूने उभे राहावे हे एलीयाने शिकविलेलेच आहे.

परंतु ही कथा पुन्हा एकदा सावकाश वाचावी. नाबोथाने मळा नाकारताना ‘माझी मालमत्ता, मी वाटेल ते करीन’ असे म्हटले नाही. त्याच्या नकाराचा आधार नेमका उलट आहे. मळा पूर्वजांचे वतन आहे, म्हणून तो देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात हीच समजूत कायद्याच्या भाषेत येते. जमीन परमेश्वराची आहे आणि इस्राएल तिच्यावर पाहुण्यासारखा राहतो. तेव्हा नाबोथ हा अनिर्बंध मालकीचा कैवारी नव्हे. शिवाय वायनाडच्या डोंगरात सिरियन ख्रिस्ती शेतकरी येण्यापूर्वी पणिया आणि काट्टुनायकन हे आदिवासी होते. त्यांच्या वतनाचे काय झाले? एकाच टेकडीवर दोन नाबोथ असू शकतात, आणि त्यांतील एक दुसऱ्याच्या मळ्यात उभा असू शकतो. मग एलीयाने कोणाच्या बाजूने बोलावे?

एका क्रियापदाची गोष्ट

माझ्या आयुष्याची बरीच वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेली. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले, ते दोन कामांसाठी. मूळ हिब्रूत दोन क्रियापदे आहेत, ‘आबाद’ आणि ‘शामार’ (२:१५). पहिल्याचा आपल्या ‘आबाद’ या फारसी शब्दाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ मशागत करणे आणि सेवा करणे असा दुहेरी आहे. देवाची सेवा करणे यालाही हेच क्रियापद येते. दुसऱ्यासाठी मराठीत आम्हांला दोन-तीन पर्याय होते. ‘रक्षण’ भारदस्त होते, ‘देखभाल’ सरकारी वाटत होती. मला ‘राखण’ हवे होते. एका सहकाऱ्याने हरकत घेतली. कोकणात राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवरचा देव. त्याला दरवर्षी राखण द्यावी लागते. पवित्र शास्त्रात हा शब्द घातला तर वाचक काय समजेल?

भाषांतराचा मसुदा गावात वाचून दाखवायचा व लोकांना काय समजले ते विचारायचे, अशी आमची रीत आहे. त्याप्रमाणे सिंधुदुर्गातील एका वृद्ध शेतकऱ्याला आम्ही तो भाग वाचून दाखविला आणि विचारले, ‘बाबा, या माणसाने काय करायचे आहे?’ ते म्हणाले, ‘राखण म्हणजे रात्री घरी निजायचे नाही, माळ्यावर जाऊन बसायचे. पीक आपले असो की दुसऱ्याचे, माळ्यावर बसलेल्याने सगळ्या कोंडाला हाक द्यायची.’ मग थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाले, ‘आता आमचे रान राखीव झाले. आता राखण कोण करणार?’

त्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. ‘राखण’ आणि ‘राखीव’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. परंतु राखण करणारा माणूस त्या जागी असतो, जागा असतो, हाक देत असतो. राखीव म्हटले की तेथे फलक असतो, आणि माणसाने तेथून निघून जायचे असते. आपल्या देशातील पर्यावरणाच्या कायद्यांचे बरेचसे दुर्दैव या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे, असे मला वाटते. गाडगीळ समितीने ग्रामसभेचे नाव घेतले, ते राखणीचे बोलणे होते. लोकांनी ऐकले ते मात्र ‘राखीव’. कारण वनखात्याच्या दीडशे वर्षांच्या कारभाराने त्यांना तेवढेच ऐकण्याची सवय लावली होती.

‘शामार’ या क्रियापदाचा प्रवास एवढ्यावर थांबत नाही. दोनच अध्यायांनंतर काइन देवाला उद्धटपणे उलट विचारतो की भावाचा राखणदार मी आहे काय (उत्पत्ती ४:९), तेथेही मूळ शब्द हाच आहे. अहरोनाच्या आशीर्वादात (गणना ६:२४) परमेश्वर आपल्या लोकांना राखतो, तेव्हाही हाच. आणि १२१ व्या स्तोत्रात तर तो सहा वेळा येतो. बागेची राखण, भावाची राखण आणि देवाने केलेली आपली राखण यांसाठी हिब्रू भाषेला वेगवेगळे शब्द लागले नाहीत.

या दृष्टीने पाहिले म्हणजे २०१३ च्या संघर्षात काय चुकले ते दिसू लागते. केरळच्या ख्रिस्तसभेने भावाची राखण केली, हे तिचे कर्तव्यच होते. परंतु भावाला डोंगरापासून वेगळे काढून त्याची राखण करता येत नाही. ज्या उतारावर त्याचे घर आहे, तो उतार ढासळला तर त्याच्या पट्ट्याचा कागद त्याला वाचवीत नाही. उलटपक्षी, कायदा करणाऱ्यांनी बागेची राखण करण्याचे मनावर घेतले आणि भावाशी बोलायचे ते विसरले. त्याच्या भाषेत अहवाल पोहोचविण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

छताचा कठडा

काही वाचक म्हणतील, की हा सगळा अंदाजाचा खेळ आहे. कायदा असता तर मुंडक्कै वाचले असते काय? प्रामाणिक उत्तर असे की, तसे छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही. तेथील दरड डोंगराच्या वरच्या अंगाला सुटली, पाऊस असामान्य होता, आणि एका दुर्घटनेला एकच कारण क्वचितच असते. मग जे संकट येईलच असे नाही, त्यासाठी आजच्या माणसाच्या हातापायांत बेड्या का घालाव्यात?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात (२२:८) घरबांधणीविषयी एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर. कोणी पडला तर रक्तपाताचा दोष घरावर येईल. घर मालकाचे, छत मालकाचे, कठड्याचा खर्चही मालकाचा. आणि जो पडणार तो अद्याप पडलेला नाही. तो कोण हेही ठाऊक नाही. कदाचित तो अजून जन्मलाही नसेल. तरीही कायदा मालकाला सांगतो की कठडा बांध. संभाव्य संकट सिद्ध झाल्यावर नव्हे, घर बांधतानाच. आजचे कायदेपंडित ज्याला सावधगिरीचे तत्त्व म्हणतात, ते यापेक्षा फारसे निराळे नाही. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने दिलेल्या उत्तराने शेजाऱ्याची व्याप्ती जातीपलीकडे नेली. कठड्याचा नियम ती काळापलीकडेही नेतो.

मात्र कठड्याच्या नियमात एक न्याय आहे, तो विसरता कामा नये. ज्याचे छत, त्यानेच कठडा बांधायचा. पश्चिम घाटात हा न्याय उलटा झाला आहे. कृष्णा, गोदावरी, कावेरी याच डोंगरांत उगम पावतात. बंगळूरचे पिण्याचे पाणी कावेरीचे आहे. घाटातला दगड शहरांच्या इमारतींत जातो, धरणांची वीज शहरांत जळते. हवेत धूर सोडण्यात तर डोंगरातल्या शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे. छत आपले, पण कठडा त्याने बांधावा, अशी आपली अपेक्षा दिसते. हे पत्र पुण्यात, बंगळुरात, इंदुरात किंवा दिल्लीत वाचणाऱ्या आपणां सर्वांना हे लागू आहे. मला तर आहेच.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल प्रथम एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो आणि तीनच वचने पुढे म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. भाषांतर करताना हा विरोध खटकतो. परंतु ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिल्या ठिकाणी ‘बारोस’ आहे, म्हणजे एकट्याला न पेलणारे दडपण. दुसऱ्या ठिकाणी ‘फोर्तियोन’ आहे, म्हणजे प्रत्येक वाटसरूच्या पाठीवरचे त्याचे स्वतःचे गाठोडे. पर्यावरणाच्या कायद्याला हा भेद करता आला पाहिजे. खाणमालकाने डोंगर पोखरणे थांबविणे हे त्याचे स्वतःचे गाठोडे आहे. त्याची भरपाई मागू नये. परंतु ज्या शेतकऱ्याला उतारावरचे पीक बदलावे लागेल, त्याचे ओझे एकट्याचे नव्हे. त्याला दाम, पट्टा आणि त्याच्या भाषेतला कागद मिळालाच पाहिजे, आणि त्याचा खर्च पाणी पिणाऱ्यांनी उचलला पाहिजे. जो कायदा खाणमालकाला आणि शेतकऱ्याला एकाच मापाने मोजतो, तो शेतकऱ्याला आपणहून खाणमालकाच्या गोटात ढकलतो. केरळात तेच झाले.

आपल्या घरचे एक उदाहरण

आपल्याच समाजात याच्या उलट उदाहरणही घडले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामांना खुला होण्याची वेळ आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना उभे केले. केळीच्या बागा, विहिरी आणि बावखले यांच्यासाठी ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र रस्त्यावर आले. ‘सुबोध बायबल’चे हे भाषांतरकार २५ जुलै २०२४ रोजी प्रभूघरी गेले, पाचच दिवसांनी वायनाडची बातमी आली. वसईत सारे काही वाचले असे म्हणता येणार नाही. आपल्यातल्याही काहींनी जमिनी बिल्डरांना विकल्या. परंतु तेथे कायद्याची मागणी राखण करणाऱ्यांनीच केली होती. म्हणून कायदा आणि लोक समोरासमोर उभे राहिले नाहीत. लोकांनीच सत्तेला जाब विचारला.

इडुक्की आणि वसई, दोन्ही ठिकाणी धर्मगुरू मोर्चात होते. दोघांनाही आपण गरिबांच्या बाजूचे आहोत याची खात्री होती. म्हणून केवळ मोर्चात चालण्याने आपली बाजू खरी ठरत नाही. चालण्यापूर्वी काही साध्या गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. अधिसूचनेचा मसुदा निघाला म्हणजे हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत असते. त्या काळात आपल्या मंडळीतील एखाद्या शिक्षकाने किंवा वकिलाने तो वाचून गावाला त्याच्या भाषेत सांगावा. वेदीवरून त्याविषयी बोलण्यापूर्वी बोलणाऱ्याने तो स्वतः वाचलेला असावा. ग्रामसभेला जावे. आणि मंडळीच्या मालकीची जी जमीन आहे, तेथील झाडे, विहीर व उतार यांना आपण कोणता नियम लावतो, हे आधी पाहावे. स्वतःच्या छताला कठडा नसताना दुसऱ्याच्या छताविषयी बोलू नये.

सिंधुदुर्गातील त्या वृद्धांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. भाषांतरात मात्र ‘राखण’ हा शब्द ठेवला. सहकाऱ्याची हरकत खोटी नव्हती. परंतु ज्या शब्दाने शेतकऱ्याला रात्रीचा माळा आठवला आणि दुसऱ्याच्या पिकासाठी दिलेली हाक आठवली, त्या शब्दापेक्षा जवळचा शब्द मला सापडला नाही. आता राखण कोण करणार, हा प्रश्न त्यांनी सरकारला विचारला नव्हता. पवित्र शास्त्र हातात घेऊन त्यांच्या दारात बसलेल्या आम्हांला विचारला होता.